अँब्युलन्स पोचली आणि फिट अजून चालूच आहे, तर काय करायचं

फिटच्या कॉलवर बहुतेक वेळा आपण पोचेपर्यंत झटके थांबलेले असतात. साधारण मोठी फिट, म्हणजे अंग ताठ होऊन मग सगळं शरीर झटके देतं ती, एक ते तीन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि कोणीतरी फोन करणं, गाडी निघणं, पत्ता शोधणं, जिने चढणं यात त्यापेक्षा जास्त वेळ जातोच. त्यामुळे तुम्ही दारातून आत शिरलात आणि पेशंट अजूनही झटके देतोय तर एक गोष्ट धरूनच चालायची की ही आपोआप थांबणाऱ्यातली फिट नाही. पाच मिनिटं होऊन गेलीत. आता घड्याळ बघत उभं राहायचं नाही, औषध काढायचं.

पाच मिनिटांचा आकडा कुठून आला ते पण माहीत असू द्या, कारण कॉलवर कोणीतरी म्हणतंच की थांबा जरा, थांबेल आपोआप. अपस्मारावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना, आयएलएई, हिने २०१५ साली स्टेटस एपिलेप्टिकसची, म्हणजे आपोआप न थांबणाऱ्या फिटची, नवीन व्याख्या केली आणि त्यात दोन वेळा ठरवल्या. मोठ्या झटक्यांच्या फिटमध्ये ५ मिनिटांनंतर ती आपोआप थांबायची शक्यता कमी होते म्हणून उपचार सुरू, आणि ३० मिनिटांच्या पुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका. आपलं सगळं काम या दोन आकड्यांच्या मधे बसवायचं असतं.

आणि हा मधला वेळ एकसारखा नसतो. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही फिट थांबवणारी सगळी औषधं मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूच्या पेशींना शांत करणाऱ्या कुलपांवर, काम करतात आणि फिट जितकी लांबते तितके हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, म्हणजे किल्ली तुमच्या हातात आहे पण कुलूपच आत गेलंय अशी गत होते. सहाव्या मिनिटाला दिलेल्या डोसनं जी फिट थांबली असती ती पंचविसाव्या मिनिटाला त्याच डोसला दाद देत नाही.

आत शिरल्या शिरल्या

पहिल्या काही सेकंदांत एकच प्रश्न, ही खरंच फिट आहे का. हृदय अचानक बंद पडतं तेव्हाही मेंदूचं रक्त तुटल्यामुळे हातपाय झटके देतात, डोळे वर जातात, घशातून घरघर येते, आणि बघणारे लोक फोनवर फिट आली असंच सांगतात. झटके चालू असताना मानेतली नाडी लागणं अवघड असतं हे खरं, तरी बोटं ठेवाच, हृदयाचा ठेका दाखवणारे पॅड किंवा लीड्स चिकटवा, आणि झटके थांबले की त्याच क्षणी परत नाडी आणि श्वास बघा. झटके थांबले म्हणून हुश्श करून बाजूला झालात आणि पेशंट अरेस्टमध्ये होता, म्हणजे हृदयच बंद पडलेलं होतं, हे होऊ शकतं. साधी चक्कर येऊन पडलेल्या माणसालाही चारपाच झटके येतात पण तो काही सेकंदांत शुद्धीवर येतो आणि नीट बोलतो, तिथे फिटचं औषध नको, ईसीजी पाहिजे.

फिट आहे हे ठरलं की कामं वाटून घ्यायची. एकजण डोक्याकडे, एकजण औषधाकडे. दोघंही हातपाय धरून बसायचं नाही, धरून झटके थांबत नाहीत, उलट खांदा निखळतो. आजूबाजूचं फर्निचर सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा आणि जमेल तितक्या लवकर कुशीवर वळवा. पडून मार लागलेला असेल, उंचावरून पडला असेल तर मान सांभाळून वळवायचं, पण तोंडात उलटी भरलेली असेल तर मानेच्या भीतीनं उताणा ठेवू नका.

तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, रुमाल नाही, तुमची बोटं नाहीत, आणि दातखिळी बसलेली असताना तोंडातला एअरवे, म्हणजे श्वासाची वाट मोकळी ठेवणारी नळी, सुद्धा नाही. दात तुटून आत जातात. जबडा आवळलेला असेल तर नाकातला एअरवे जेल लावून हळूच सरकवा, चेहऱ्याला किंवा कवटीच्या बुडाला मार असल्याची शंका असेल तर तो पण टाळा. लाळ ओढून घेणाऱ्या सक्शनची नळी दात आणि गालाच्या मधल्या जागेतून घालता येते, फेस आणि लाळ तिथेच साठलेली असते. मास्कनं हाय फ्लो ऑक्सिजन. झटके चालू असताना बोटातला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा उड्या मारतो, त्याच्यावर जास्त भरवसा ठेवू नका, ओठ आणि छाती बघा.

घरच्यांना विचारताना "किती वेळ झाला" एवढंच विचारलं तर उपयोग होत नाही. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं पण अर्धा तास वाटतात. त्यापेक्षा विचारा, फोन केला तेव्हा झटके चालू होते का, आणि तेव्हापासून मधे एकदा तरी थांबले का, मधे डोळे उघडून ओळखलं का. फोनची वेळ मोबाईलवर दिसते, त्यावरून हिशोब लागतो. झटके मधे थांबले पण शुद्ध न येता परत सुरू झाले तर तेही स्टेटसच धरायचं. दुसरा प्रश्न, आम्ही यायच्या आधी काही औषध दिलं का, नाकातला स्प्रे किंवा गुदद्वारातून देतात ते डायझेपाम. दिलं असेल तर किती आणि कधी, तो डोस मोजायचा. मग गरोदर आहे का, शुगर आहे का, फिटच्या गोळ्या चुकल्यात का, दारू अचानक सोडली का, काही विषारी पोटात गेलंय का. हे सगळं औषध भरता भरता विचारायचं.

औषध, आणि सलाईनचा मोह

झटके देणाऱ्या हातात व्हेन शोधत बसणं हा आपल्या कामातला सगळ्यात मोठा वेळखाऊपणा आहे. सुई लागते, निसटते, परत दुसरा हात, टेप सुटतो, आणि फिट तशीच चालू. २०१२ साली रॅम्पार्ट नावाची ट्रायल प्रसिद्ध झाली, ती खास पॅरामेडिकनीच केलेल्या उपचारांवर होती, ८९३ पेशंट. अर्ध्यांना मांडीत मिडाझोलाम आणि अर्ध्यांना शिरेतून लोराझेपाम. हॉस्पिटलात पोचताना फिट थांबलेली होती असे मिडाझोलामवाले ७३.४ टक्के आणि लोराझेपामवाले ६३.४ टक्के. शिरेतलं औषध एकदा गेलं की लवकर काम करतं, साधारण दीड मिनिट विरुद्ध सव्वातीन मिनिटं, पण ते आत जायलाच ४.८ मिनिटं लागली आणि मांडीतलं १.२ मिनिटांत गेलं. श्वासनळीत नळी घालावी लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणून शिरेत आधीच चालू आयव्ही लाईन नसेल तर पहिला डोस मांडीत, विषय संपला.

डोस असा. वजन ४० किलोच्या वर असेल तर १० एमजी, १३ ते ४० किलो असेल तर ५ एमजी, एकच इंजेक्शन, एकदम. अमेरिकन एपिलेप्सी सोसायटीच्या २०१६ च्या गाईडलाईनमध्ये हेच आकडे आहेत. तुमच्या सर्व्हिसचा प्रोटोकॉल थोडा वेगळा असू शकतो, तो चालतो, पण तो तोंडपाठ पाहिजे, कॉलवर फाईल उघडायची वेळ येऊ नये.

आता अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, हातात घेतल्यावर नीट वाचा. मिडाझोलाम १ एमएलला १ एमजी असं पण येतं आणि १ एमएलला ५ एमजी असं पण येतं, काचेचा रंग आणि लेबल जवळजवळ सारखं असू शकतं. स्नायूत द्यायला ५ एमजीवालंच पाहिजे कारण १० एमजी म्हणजे फक्त २ एमएल होतं. पातळ वालं हाताला लागलं तर तेच १० एमजी द्यायला १० एमएल मांडीत घालावे लागतील, ते शक्य नाही, मग माणूस गोंधळून २ एमएलच देतो आणि पेशंटला मिळतात फक्त २ एमजी. म्हणून शिफ्ट सुरू होतानाच बॅग उघडून कुठलं अँप्युल आहे ते बघा, आणि भरल्यावर पार्टनरला मोठ्यानं सांगा, औषधाचं नाव, एमजी, एमएल. त्यानं लेबल वाचून हो म्हटलं की मग द्या.

जागा मांडीची बाहेरची बाजू, मधोमध. सुई सरळ आत, पुरेशी लांब. घाई असेल तर पातळ कपड्यातून पण जातं, खिशात मोबाईल किंवा चाव्या नाहीत ना ते चाचपून घ्या. टोचताना पार्टनरनं गुडघ्याच्या वर हात ठेवून तेवढा पाय स्थिर करायचा. वेळ लगेच ग्लोव्हवर लिहा.

डायझेपाम मांडीत देऊ नका, स्नायूतून ते कसंही आणि उशिरा शोषलं जातं. तुमच्याकडे तेच असेल तर शिरेतून हळू, किलोला ०.१५ ते ०.२ एमजी, जास्तीत जास्त १० एमजी, नाहीतर गुदद्वारातून किलोला ०.२ ते ०.५ एमजी, जास्तीत जास्त २० एमजी. लोराझेपाम शिरेतून किलोला ०.१ एमजी, जास्तीत जास्त ४ एमजी, पण ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, तापलेल्या गाडीत महिनोन्‌महिने पडलेलं अँप्युल भरवशाचं नाही. मिडाझोलाम साध्या तापमानाला टिकतं, गाडीसाठी ते बरं असण्याचं हे पण एक कारण. सुई नकोच असेल तर मिडाझोलाम नाकात फवारता येतं, किलोला ०.२ एमजी, वर १० एमजीची मर्यादा, दोन नाकपुड्यांत अर्धं अर्धं वाटून, एका नाकपुडीत १ एमएलपेक्षा जास्त नको कारण जास्तीचं घशात उतरून वाया जातं.

अर्धा डोस देऊ नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे सगळीकडे दिसतं. श्वास थांबेल या भीतीनं लोक आधी थोडं देऊन बघतात, मोठ्या माणसाला २ एमजी, मग पाच मिनिटं वाट, मग अजून २. यातून फिट थांबत नाही, वेळ मात्र जातो आणि वर सांगितलं तसे रिसेप्टर आत जात राहतात, म्हणजे नंतर दिलेला पूर्ण डोसही कमी पडतो. भीती चुकीच्या दिशेला लागलेली आहे. २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोत पॅरामेडिकनी केलेल्या ट्रायलचे आकडे प्रसिद्ध झाले, तिथे एका गटाला लोराझेपाम, एकाला डायझेपाम आणि एकाला नुसतंच औषध नसलेलं इंजेक्शन दिलं होतं. श्वासाचे किंवा बीपीचे त्रास औषधवाल्या दोन्ही गटांत साधारण १० टक्क्यांच्या आसपास आणि औषध न मिळालेल्यांत २२.५ टक्के. चालू राहिलेली फिट श्वास जास्त बिघडवते.

औषधानं श्वास मंद होऊ शकतो हे नाकारत नाहीये, पण त्याचा इलाज आपल्याकडे आहे. अँब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, उघडून, मास्क जोडून, पेशंटच्या डोक्याशी ठेवलेली असावी, इंजेक्शनच्या आधी. कॅप्नोग्राफी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, असेल तर लावा, सॅच्युरेशन पडायच्या आधीच तिथे श्वास मंदावलेला दिसतो. श्वास कमी पडला तर हनुवटी उचला, तेवढ्यानं नाही झालं तर बॅगनं श्वास द्या, बहुतेकांना काही मिनिटांचाच आधार लागतो. या औषधांचा उतारा असलेल्या फ्लुमाझेनिलकडे हात नेऊ नका, त्यानं फिट परत सुरू होते आणि मग तुमचं औषध पण चालत नाही.

पहिला डोस देऊन पाच मिनिटं झाली आणि झटके चालूच आहेत, तर प्रोटोकॉलप्रमाणे दुसरा डोस, आणि आता लाईन लावायला हरकत नाही, शिरेतून दिलेला चांगला. लाईन मिळाली नाही तर हाडातली लाईन. दुसऱ्या डोसलाही थांबली नाही तर तिसरा, चौथा असं करत बसू नका. काही सर्व्हिसकडे लेव्हेटिरासिटाम हे वेगळ्या प्रकारचं फिटचं औषध असतं, किलोला ६० एमजी, जास्तीत जास्त ४५०० एमजी. २०१९ च्या एसेट ट्रायलमध्ये लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट तिघंही सारखेच निघाले, साधारण निम्म्या पेशंटमध्ये काम झालं. तुमच्याकडे नसेल तर गाडी हलवा, हॉस्पिटलला आधी फोन करून सांगा की दोन डोस झालेत, फिट चालू आहे, भूल देणारा डॉक्टर तयार ठेवा.

शुगर

प्रत्येक फिटमध्ये शुगर बघायची, डायबेटिस असो नसो, माहीत असलेला फिटचा पेशंट असो, लहान मूल असो. ६० च्या खाली असेल तर ती दुरुस्त केल्याशिवाय फिटचं औषध नीट चालणार नाही. मोठ्या माणसाला २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे डी फिफ्टी (५० टक्के ग्लुकोज) ५० एमएल किंवा डी टेन (१० टक्के) २५० एमएल, डी टेन शिरेला कमी त्रासदायक. मुलांना डी टेन किलोला ५ एमएल. लाईन नसेल तर शुगर वाढवणारं ग्लुकागॉन १ एमजी मांडीत. दारू पिणारा किंवा कुपोषित वाटला तर थायमिन १०० एमजी पण द्या, पण त्यासाठी ग्लुकोज थांबवू नका.

एक बारीक गोष्ट. घरच्यांनी घाबरून पेशंटच्या तोंडात साखर घातलेली असते, ती त्याच्या बोटांना पण लागलेली असते. तसंच बोट टोचलं तर मीटर १८० दाखवतो आणि खरी शुगर ४० असते. बोट पाण्यानं पुसा, कोरडं करा, पहिला थेंब टाकून दुसरा घ्या.

बाळंतीण आणि गरोदर बाई

२० आठवड्यांपुढची गरोदर बाई, किंवा बाळंत होऊन ६ आठवडे झालेले नाहीत अशी बाई, तिला फिट आली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एक्लॅम्पशिया, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीच्या आजारात येणारी फिट, समजायचा. बाळंत झालेल्या बाईचं हे हमखास सुटतं कारण पोट दिसत नाही आणि कोणी सांगत नाही, त्यामुळे तरुण बाई असेल तर अलीकडे डिलिव्हरी झाली का हे विचाराच. इथे पहिलं औषध मॅग्नेशियम सल्फेट, ४ ग्रॅम शिरेतून ५ ते २० मिनिटांत. ५० टक्क्यांचं अँप्युल असेल तर ८ एमएल औषध आणि १२ एमएल पातळ करायला, मिळून २० एमएल. लाईन नसेल तर दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल. १९९५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये परत फिट येण्यापासून वाचवण्यात मॅग्नेशियम हे डायझेपाम आणि फेनिटॉइन दोघांपेक्षा सरस ठरलं होतं. डाव्या कुशीवर ठेवा, गुडघ्याचा रिफ्लेक्स आणि श्वासाचा वेग बघत राहा, रिफ्लेक्स गेला किंवा श्वास मंदावला तर मॅग्नेशियम थांबवा आणि त्याचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम हळू शिरेतून. मॅग्नेशियम नाही किंवा देऊनही झटके चालूच, तर मिडाझोलाम द्यायला घाबरू नका.

लहान मुलं

६ महिने ते ५ वर्षं या वयात तापात येणारी फिट बहुतेक वेळा छोटी आणि निरुपद्रवी असते, पण पाच मिनिटांचा नियम त्यांनाही लागू आहे. ताप उतरवून फिट थांबत नाही, गार पाण्यात बुडवायचं नाही, तोंडानं सिरप द्यायचं नाही. वजन आईला विचारा, माहीत नसेल तर १ ते १० वर्षांच्या मुलासाठी वय अधिक ४, गुणिले २, एवढा अंदाज चालतो. गालात द्यायचं मिडाझोलाम असेल तर ३ ते ११ महिन्यांना २.५ एमजी, १ ते ४ वर्षांना ५, ५ ते ९ वर्षांना ७.५, त्यापुढे १०. मान ताठ असेल, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल जांभळे ठिपके असतील, मूल नीट जागं होत नसेल तर ती साधी तापाची फिट नाही, लगेच हलवा. अगदी नवजात बाळात मोठे झटके दिसतच नाहीत, नुसतं ओठ चोखल्यासारखं, सायकल चालवल्यासारखे पाय, मधेच श्वास थांबणं एवढंच.

झटके थांबले, पण

झटके थांबले म्हणजे फिट थांबली असं नसतं. बराच वेळ फिट चाललेल्या माणसाचे स्नायू दमतात आणि बाहेरून फक्त पापणी फडफडते, ओठाचा कोपरा किंवा अंगठा उडतो, डोळे एका बाजूला ओढलेले राहतात, नाडी जोरात पळत असते, आणि आत मेंदूत फिट चालूच असते. पापण्या उघडून बघा. फिटनंतरची गुंगी असेल तर दर पाच दहा मिनिटांनी थोडी तरी सुधारणा दिसते, कण्हतो, हात झटकतो, मग नाव ऐकून बघतो. काहीच सुधारत नसेल तर फिट चालू आहे किंवा डोक्यात दुसरं काही झालंय असं धरा, शुगर परत बघा.

एक बाजू लुळी पडलेली असेल तर ती फिटनंतरची तात्पुरती कमजोरी असू शकते, पण ते गाडीत बसून ठरवायचं नाही. स्ट्रोकमध्येही फिट येते. शेवटचा नीट कधी होता ती वेळ विचारून स्ट्रोक म्हणूनच कळवा. खांदा तपासा, मोठ्या फिटमध्ये तो मागच्या बाजूला निखळतो आणि बाहेरून पटकन कळत नाही, हात बाहेर फिरवता येत नसेल तर शंका घ्या.

शुद्धीवर येताना काहीजण घाबरतात, ढकलतात, उठून पळायला बघतात. त्यांना आपण कोण, कुठे आहोत काही कळत नसतं. चारजणांनी दाबून धरू नका, एकानंच हळू आवाजात नाव घेऊन बोलावं, बाकीच्यांनी लांब थांबावं, बहुतेकवेळा तेवढं पुरतं.

काही झटके मेंदूतल्या विजेमुळे नसतात. डोळे घट्ट मिटलेले, उघडायला गेलं तर विरोध, डोकं दोन्ही बाजूला हलतंय, झटके कमी जास्त होत बराच वेळ चाललेत, अशा वेळी ती शक्यता असते. तरी पेशंटसमोर नाटक हा शब्द काढायचा नाही, तो खरा आजार आहे आणि माणूस ते मुद्दाम करत नाही. टोचून, चिमटे काढून परीक्षा घ्यायची नाही. खात्री नसेल तर फिट समजूनच उपचार.

माहीत असलेला पेशंट, नेहमीसारखी एकच फिट, पाच मिनिटांच्या आत थांबलेली, पूर्ण शुद्धीवर, सोबत जबाबदार माणूस, आणि यायला नको म्हणतोय, तर प्रोटोकॉल परवानगी देत असेल तर ठीक. पण आयुष्यातली पहिली फिट, लागोपाठच्या फिट, गरोदर, डोक्याला मार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, पाण्यात असताना आलेली फिट, किंवा आपण औषध दिलेला पेशंट, यांना घरी सोडायचं नाही.

हॉस्पिटलात देताना वेळा सांगा, फिट कधी सुरू झाली, कुठलं औषध किती एमजी कुठे आणि किती वाजता, कधी थांबली, शुगर किती होती, घरच्यांनी आधी काय दिलं. झटके कुठून सुरू झाले, डोकं आणि डोळे कुठल्या बाजूला वळले होते हेही सांगा, आजाराची जागा शोधायला न्यूरॉलॉजिस्टला ते लागतं. घरातल्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढलेला असतो आणि मागाहून वाईट वाटून तो डिलीट करतात, त्यांना सांगा की तो ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.